मागच्या डिफरन्शियलमध्ये आखूड रेशो बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारचं डिफ (इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणारं डिफरन्शियल) उघडून त्यात नवी क्राउन-पिनियन, म्हणजे आतली मोठी आणि लहान दातेरी चाकांची जोडी, बसवायचा विचार करणाऱ्यांसाठी हे पान आहे. रेशो कसा निवडायचा, आत काय काय मोजायचं आणि डिफ बंद करण्याआधी काय तपासायचं, यावर इथे भर दिला आहे. दिलेली मापं अंदाज यावा म्हणून आहेत. तुमच्या डिफची नेमकी मापं त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात आणि दोन्हींत फरक दिसला तर मॅन्युअलचंच ऐकायचं.

फायनल ड्राइव्ह रेशो कसा काढतात?

क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागायचं. ४१ दात्यांची क्राउन आणि ११ दात्यांची पिनियन असेल तर ३.७३. तीच ४१ ची क्राउन १० दात्यांच्या पिनियनवर चालत असेल तर ४.१०. ४३ ला १० म्हणजे ४.३०. आकडा वाढला की चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणाऱ्या दांड्याला) जास्त फिरावं लागतं, म्हणजे गिअरिंग आखूड झालं.

दात्यांच्या संख्या मुद्दाम अशा विचित्र असतात. ४१ आणि १० ला सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता फिरत फिरत क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते.

मग मोठ्या आकड्याचं डिफ म्हणजे जोरकस गाडी, असं धरायचं का?

नुसत्या डिफच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. बीएमडब्ल्यूच्या ई३० एम३ चं उदाहरण घ्या. युरोपातल्या गाडीचं डिफ ३.२५ चं आणि अमेरिकेतल्या गाडीचं ४.१०. कागदावर हा फरक प्रचंड वाटतो. पण युरोपातल्या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर थेट १.०० होता आणि अमेरिकेतला ०.८१ चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त फिरवणारा. गुणाकार केला तर पाचव्यात एकीकडे ३.२५ येतो आणि दुसरीकडे ३.३२ च्या आसपास. हायवेवर दोन्ही गाड्यांचं इंजिन जवळपास सारख्याच आरपीएमवर फिरणार. गिअरबॉक्सचे रेशो आणि टायरचा घेर सोबत मांडल्याशिवाय डिफच्या आकड्याला अर्थ येत नाही.

३.७३ वरून ४.१० केलं तर प्रत्यक्षात काय बदलतं?

४.१० भागिले ३.७३ म्हणजे जवळजवळ १० टक्के वाढ. प्रत्येक गिअरमध्ये चाकांपर्यंत पोचणारा टॉर्क तेवढा वाढतो आणि त्याच वेगाला इंजिनचे फेरेही तेवढेच वाढतात.

हिशोब करून पाहू. टायरचा घेर १.९२ मीटर धरा, २०५/५०/१६ मापाचा साधारण तेवढाच भरतो. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८६८ फेरे घेतं. वरचा गिअर ०.८० असेल तर ३.७३ च्या डिफवर इंजिन २५९० च्या आसपास असेल, ४.१० वर २८५० आणि ४.४४ वर जवळजवळ ३१००. रोज तासभर हायवेला गाडी चालवणाऱ्याने हे आकडे आधी लिहून काढावेत. तीन हजारांच्या आसपास कित्येक एक्झॉस्ट गाडीच्या आत घुमायला लागतात.

० ते १०० चा वेळ कमी होईलच ना?

होईलच असं नाही, आणि हा मुद्दा बहुतेक जण गिअर विकत घेऊन झाल्यावर शोधतात. वरचाच टायर घ्या, दुसरा गिअर २.०५ चा आणि रेव्ह लिमिट (इंजिनची कमाल आरपीएम) ७००० धरा. ३.७३ वर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी १०५ पर्यंत जाते. ४.१० वर ती ९६ ला थांबते. म्हणजे शंभर गाठण्यासाठी आता तिसरा गिअर टाकावा लागणार, आणि एका जादा गिअर बदलात मिळवलेला वेळ निघून जाऊ शकतो.

आखूड डिफ इंजिनची ताकद वाढवत नाही. ते प्रत्येक गिअर थोड्या कमी वेगाला आणून ठेवतं. जिथे आधी गिअर संपत नव्हता आणि इंजिन पॉवरबँडच्या (ज्या आरपीएममध्ये ते खरा जोर देतं त्याच्या) खाली कुंथत होतं, तिथे फायदा ठळक जाणवतो: दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वळणांतून बाहेर पडताना, चढावर, किंवा फॅक्टरीने मायलेजसाठी लांबच लांब गिअरिंग दिलं असेल तिथे. मला स्वतःला हा बदल याच कारणासाठी आवडतो. स्टॉपवॉचवर जे दिसतं त्याहून जास्त तो वळणाच्या तोंडाशी उजव्या पायाला कळतो.

गिअर एकमेकांच्या जवळ येतात का?

नाही. गिअर बदलताना आरपीएम जितके खाली पडत होते तितकेच पडणार, कारण ते गिअरबॉक्सच्या आतल्या रेशोंवर ठरतं. ती पायरी लहान करायची असेल तर काम गिअरबॉक्समध्ये आहे.

नेमका कोणता रेशो निवडू?

गाडी मुख्यतः ट्रॅकवर जात असेल तर उलट दिशेने हिशोब करा. सर्वात लांब सरळ रस्त्याच्या शेवटी तुमचा खरा वेग किती असतो तो पाहा आणि त्या वेगाला वापरातल्या शेवटच्या गिअरमध्ये इंजिन रेव्ह लिमिटच्या थोडंसं खाली राहील असा रेशो शोधा. नंतर तोच रेशो घेऊन प्रत्येक वळणाचा वेग तपासा. वळणाच्या ऐन मध्यावर गिअर बदलायची वेळ येत असेल तर तो रेशो तुमच्यासाठी चुकीचा, मग कागदावर तो कितीही छान दिसो.

रस्त्यावरच्या गाडीला माझा सल्ला नेहमी एक पायरी कमी घेण्याचा असतो. ५ ते १० टक्के बदल पुष्कळ जाणवतो. टोयोटाने ८६ ची मॅन्युअल गाडी २०१७ च्या मॉडेलला ४.१० वरून ४.३० वर नेली, म्हणजे पाच टक्केही नाहीत, आणि तो फरक चालवणाऱ्यांना स्पष्ट कळला. पंधरा-वीस टक्क्यांची उडी घेतली की पहिला गिअर जवळपास निकामी होतो: क्लच सोडतो न सोडतो तोच दुसरा टाकायची वेळ येते.

आणि टायर आधी ठरवा. रेशो बदलून झाल्यावर लहान घेराचे टायर घातले तर गिअरिंग आणखी आखूड होतं.

दुसऱ्या मॉडेलचं पूर्ण डिफ आणून बसवणं सोपं नाही का?

मिळत असेल तर पहिला विचार तोच करा. फॅक्टरीत जुळवलेलं, कमी चाललेलं डिफ जसंच्या तसं बसलं तर या पानावरचं अर्धं काम वाचतं.

फक्त माप तपासा. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत १.६ लिटरच्या गाडीला ४.३० चं डिफ आहे आणि १.८ ला ४.१०, पण पहिल्याची क्राउन ६ इंची आणि दुसऱ्याची ७ इंची. त्यामुळे नुसती क्राउन-पिनियन इकडची तिकडे होत नाही. डिफ हलवायचं तर हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्टही सोबत हलतात. निसानच्या आर१८० आणि आर२०० या नावांतले आकडे क्राउनचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, बीएमडब्ल्यूचे १६८, १८८ आणि २१० हेही तसेच. मापाचं कुटुंब एक असेल तरच पुढचं बोलणं.

नवी क्राउन जुन्या कॅरिअरवर बसेल ना?

कॅरिअर म्हणजे क्राउन ज्यावर बोल्टने बसते तो डिफच्या आतला भाग. बहुतेक वेळा बसते, पण आधी विचारून घ्या. रेशो आखूड होतो तशी पिनियनच्या डोक्याची जाडी कमी होते आणि तिला गाठण्यासाठी क्राउन अलीकडे आणावी लागते. काही डिफमध्ये त्यासाठी जाड क्राउन देतात, काहींत कॅरिअरच वेगळं लागतं. डाना ४४ या डिफमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर चालतं आणि ३.९२ पासून पुढे दुसरं.

कोणती हत्यारं लागतात?

मॅग्नेटिक बेसवाला डायल गेज, मायक्रोमीटर, मोठा टॉर्क रेंच, आणि फिरवताना लागणारा हलका टॉर्क दाखवणारा सुईवाला छोटा टॉर्क रेंच. क्लिक होणारा रेंच प्रीलोड (बेअरिंगवर ठेवायचा ठरावीक दाब) मोजायला चालत नाही, कारण तो सुटण्याचा क्षण दाखवतो, फिरण्याचा विरोध दाखवत नाही. याशिवाय प्रेस, बेअरिंग पुलर, पिनियनचा फ्लॅन्ज घट्ट धरायला लांब दांडा, शिमचा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच आणि दात्यांना लावायचा मार्किंग रंग.

एक गोष्ट कुठल्या यादीत सहसा नसते, ती म्हणजे सेट-अप बेअरिंग. पिनियनचं जुनं आतलं बेअरिंग घ्या, त्याचं भोक पॉलिश करून किंचित मोठं करा, म्हणजे ते हाताने सरकेल. शिम बदलण्यासाठी पिनियन पाच वेळा काढावी लागली तरी प्रेसला हात लावावा लागत नाही आणि नवं बेअरिंग दर वेळी ओरबाडलं जात नाही.

डिफ उघडताना काय लक्षात ठेवू?

ऑइल काढण्याआधी वरचा भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही ते पाहा. खालून सगळं ऑइल सोडलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी जागची हलत नाही.

प्रोपेलर शाफ्टच्या फ्लॅन्जवर आणि पिनियनच्या फ्लॅन्जवर जुळणारी खूण करा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी आणि वर-खाली अशी खूण पंचाने ठोका. या कॅप हाऊसिंगसोबत एकाच वेळी मशिन केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंचे शिम वेगवेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाडी मोजून त्यावर लिहा.

आणि काहीही सोडण्याआधी जुन्या गिअरचा बॅकलॅश (दात्यांमधला मोकळा खेळ) मोजा, दात्यांना रंग लावून जुना ठसा पाहा, फोटो काढा. लाख किलोमीटर शांत चाललेल्या डिफचा ठसा हा तुमच्या हाऊसिंगबद्दलचा सर्वात खरा पुरावा आहे.

बेअरिंग आणि ऑइल सील सगळे नवे घाला. जुन्या बेअरिंगची कप (बाहेरची कडी) हाऊसिंगमध्ये तशीच ठेवून त्यावर नवा कोन (रोलरसह आतला भाग) बसवायचा मोह टाळा.

क्राउन बसवताना?

कॅरिअरच्या फ्लॅन्जवर तेलदगडाने हात फिरवून बारीकसा कंगोराही काढा. क्राउन आत जायला घट्ट असेल तर ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास गरम करा, ती अलगद खाली बसते. ज्वाला कधीच लावू नका, दात्यांची हार्डनिंग जाते. बोल्ट नवे घ्या, आटे तेलविरहित करून थ्रेडलॉकर लावा, समोरासमोरच्या जोड्यांनी टप्प्याटप्प्याने आवळा. नंतर क्राउनच्या पाठीवर डायल गेज लावून एक फेरा द्या. रनआउट (फिरताना होणारं डोलणं) ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा. जास्त आला तर बोल्ट सोडून मध्ये काय अडकलंय ते शोधा.

पिनियनची खोली म्हणजे काय आणि ती कशी ठरवायची?

पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या किती जवळ येते ते माप म्हणजे खोली. ते पिनियनचं डोकं आणि आतलं बेअरिंग यांच्यामधल्या शिमने ठरतं, काही डिफमध्ये शिम बेअरिंगच्या कपखाली असतो.

प्रत्येक पिनियन कारखान्यात मोजली जाते आणि तिचा फरक डोक्यावर कोरलेला असतो, अधिक दोन किंवा उणे तीन असा. तो बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, काही उत्पादक इंचाच्या हजाराव्या भागात देतात. सर्वसाधारण पद्धत अशी: जुनी पिनियन अधिक दोनची आणि नवी उणे एकची असेल, तर जुन्या शिमला ०.०३ मिलिमीटर जोडून सुरुवात करा. फक्त सुरुवात. अंतिम निर्णय रंगाचा ठसा देतो.

क्राउन आणि पिनियन ही जोडी एकत्र घासून जुळवलेली असते आणि दोघींवर एकच क्रमांक असतो. क्रमांक जुळत नसतील तर ती जोडी परत पाठवा, कितीही नवी दिसत असली तरी.

प्रीलोड आणि क्रश स्लीव्ह यांत इतके जण का अडकतात?

कारण इथे मागे जाता येत नाही. पिनियनची दोन बेअरिंग एकमेकांवर ठरावीक दाबाने बसावी लागतात, म्हणजे भार आला तरी पिनियन मागे-पुढे सरकत नाही. हा दाब थेट मोजता येत नाही, म्हणून पिनियन फिरवायला किती टॉर्क लागतो ते मोजतात. नव्या बेअरिंगसाठी तो डिफनुसार साधारण १ ते ३ न्यूटन-मीटर असतो, वापरलेल्या बेअरिंगसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास.

दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ नळी असते, तीच क्रश स्लीव्ह. नट आवळत गेलं की ती चेपत जाते. चेपायला २०० ते ४०० न्यूटन-मीटर लागू शकतात आणि बराच वेळ वाटतं की काहीच होत नाही. पिनियनचा मागे-पुढे होणारा प्ले जाणवत राहतो, मग अचानक तो नाहीसा होतो. तिथून पुढे एकेका खेपेला नट केवळ काही अंश फिरवायचा, फ्लॅन्ज हाताने दोन्ही बाजूंना गरागरा फिरवून बेअरिंगचे रोलर बसू द्यायचे आणि सुईवाल्या रेंचने मोजायचं. सुई ०.४ दाखवते, पुन्हा ०.४, आणि पुढच्या तेवढ्याच हालचालीला थेट १.२. बेअरिंगना आधी गिअर ऑइल चोपडलेलं हवं, कोरडी बेअरिंग खोटा आकडा देतात.

जास्त आवळलं गेलं तर नट थोडा ढिला करून आकडा जुळवू नका. स्लीव्ह एकदा चेपली की परत फुलत नाही, ढिल्या नटाखाली ती सैलच राहते आणि प्रीलोड रस्त्यावर गायब होतो. स्लीव्ह काढायची, नवी घालायची, पुन्हा सुरुवात. म्हणून दोन स्लीव्ह जवळ ठेवा. ठसा जुळवत असताना तर नवी स्लीव्ह चेपूच नका. जुनी घालून हलकंच आवळून काम करा आणि नवी शेवटच्या जुळणीला वापरा.

ट्रॅकच्या गाडीला मी सॉलिड स्पेसर आणि शिमचा पर्याय सुचवेन. जुळवायला वेळ जास्त लागतो, पण नट पूर्ण टॉर्कला आवळता येतो आणि धक्क्यांनी प्रीलोड हलत नाही.

बॅकलॅश किती ठेवू?

स्पोर्ट्‌स कारच्या बहुतेक डिफमध्ये ०.१० ते ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, काहींत याहून कमी, मोठ्या डिफमध्ये ०.२० पर्यंत. डायल गेजचं टोक क्राउनच्या दात्याच्या बाहेरच्या कडेला, दात्याला काटकोनात लावा, पिनियन घट्ट धरा आणि क्राउन हलकेच मागे-पुढे करा. चार ठिकाणी मोजा. जागोजागी ०.०५ हून जास्त फरक येत असेल तर क्राउन वाकडी बसली आहे.

बदल करायचा असेल तर एका बाजूचा शिम जितका कमी कराल तितकाच दुसऱ्या बाजूला वाढवा, म्हणजे कॅरिअरचा प्रीलोड तोच राहतो. क्राउन ०.१० सरकवली तर बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो.

रंगाचा ठसा कसा वाचायचा?

सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. बाकी सगळी मापं ठशापर्यंत पोचण्याचे रस्ते आहेत.

क्राउनचे चार-पाच दाते निवडा, असे तीन ठिकाणी. दोन्ही बाजूंना मार्किंग रंगाचा पातळ हात द्या, इतका पातळ की खालचं लोखंड धूसर दिसावं. कोणाला तरी क्राउनला लाकडाच्या फळीने दाब द्यायला सांगा आणि फ्लॅन्ज रेंचने दोन्ही दिशांना फिरवा. दाब नसेल तर ठसा उमटतो, पण तो खरा नसतो. रंग पुसला जाऊन दात्यावर लांबट, अंड्यासारखा चकचकीत डाग दिसेल.

दात्याची आतली, कॅरिअरच्या मध्याकडची बाजू म्हणजे टो आणि बाहेरची हील. दात्याचं टोक म्हणजे फेस, मूळ म्हणजे फ्लँक. गाडी पुढे ओढताना जी बाजू काम करते ती क्राउनची फुगीर बाजू, ती ड्राइव्ह साइड. पाय काढल्यावर काम करते ती खोलगट बाजू, कोस्ट साइड.

डाग दोन्ही बाजूंना टोकाकडे सरकलेला असेल तर पिनियन दूर आहे. शिम जाड करा. दोन्ही बाजूंना मुळाशी बसला असेल तर पिनियन जास्त आत आली आहे. शिम पातळ करा. उंचीत डाग मध्यावर आहे पण हीलकडे पळतोय, तर बॅकलॅश जास्त आहे. टो-कडे पळतोय, तर कमी. पिनियन आत नेली की डाग ड्राइव्ह साइडला टो-कडे आणि कोस्ट साइडला हीलकडे जातो, म्हणून एकच बाजू बघून निर्णय घेऊ नका.

सुरुवातीला ०.१० ते ०.१५ च्या मोठ्या पायऱ्यांनी शिम बदला. जाणूनबुजून पलीकडे जा, म्हणजे दोन टोकांच्या चुका दिसतील आणि मधली जागा सापडेल. ०.०२-०.०२ ने पुढे सरकणाऱ्याला डाग हललाय की नाही तेच कळत नाही.

डाग दात्याच्या उंचीच्या मध्यावर, वर आणि खाली थोडी जागा सोडून असावा. लांबीत तो किंचित टो-कडे असला तरी चालेल, कारण प्रत्यक्ष भाराखाली तो हीलकडे सरकतो आणि पसरतो. टोकाची किंवा मुळाची कड धरणारा डाग मात्र कधीच सोडून देऊ नका. असा गिअर आधी गातो आणि मग दात्याचा टवका उडतो.

खोली दाखवणारं गेज एक सांगतंय आणि ठसा दुसरंच, तर ठसा खरा.

डिफ उघडलंच आहे तर एलएसडी आत्ताच बसवू का?

हो. एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारं. दोन वेगळ्या वेळी केलं तर बेअरिंग, सील आणि संपूर्ण मोजमाप दोनदा करावं लागतं. टॉर्सनसारखं गिअरवालं एलएसडी रस्त्यावर शांत चालतं आणि फारशी देखभाल मागत नाही, मात्र एक चाक हवेत उचललं गेलं की ते जवळजवळ साध्या डिफसारखं वागतं. प्लेटवालं ट्रॅकवर जास्त भरवशाचं, पण प्लेट झिजतात, हळू वळताना कटकट आवाज येऊ शकतो आणि ऑइल लवकर बदलावं लागतं. कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) चढवून चालवणाऱ्याने प्लेटवालं घ्यावं.

ऑइल कोणतं?

क्राउन-पिनियन हायपॉइड असते, म्हणजे पिनियनची रेषा क्राउनच्या मध्यरेषेतून जात नाही, ती बाजूला असते. त्यामुळे दाते एकमेकांवर लोळतात आणि त्यासोबत जोराने घसरतातही. म्हणून जीएल-५ दर्जाचंच ऑइल हवं, सहसा ७५डब्ल्यू-९०. प्लेटवाल्या एलएसडीला फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, टॉर्सनला लागत नाही. हाऊसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) साफ करा, तो तुंबला तर नवा सीलही गळतो.

रनिंग-इन खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

आहे. नव्या दात्यांचे सूक्ष्म उंचवटे पहिल्या काही किलोमीटरमध्ये दबतात आणि तेव्हा भरपूर उष्णता तयार होते. पहिली फेरी २०-२५ किलोमीटरची, हलक्या पायाने. मग गाडी पूर्ण गार होऊ द्या, अर्धवट कोमट असताना पुन्हा काढू नका. असं दोन-तीनदा करा. पुढचे ८०० किलोमीटर जोरदार लाँच नाही, एकाच वेगाला तासन्‌तास हायवे नाही. नंतर ऑइल बदला. त्यात चंदेरी छटा आणि मॅग्नेटला चिकटलेला मऊ गाळ दिसणं ठीक आहे. नखाला टोचेल असा कण दिसला तर थांबा आणि उघडा.

पहिल्या फेरीनंतर पिनियनच्या फ्लॅन्जजवळचा भाग उरलेल्या हाऊसिंगपेक्षा खूपच तापलेला असेल तर प्रीलोड जास्त झाला आहे.

आवाज येतोय. काय बिघडलं?

आवाज कधी येतो ते आधी नीट टिपा. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीसारखा सूर येत असेल तर ड्राइव्ह साइडचा ठसा. फक्त पाय काढल्यावर येत असेल तर कोस्ट साइड, किंवा पिनियनचा प्रीलोड सैल. वेगासोबत वाढणारी सततची घरघर बेअरिंगची असते. गाडी वळली की घरघर वाढते, मग कॅरिअर किंवा चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना एकच खट्ट आवाज आला तर बॅकलॅश मोजण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट आणि डिफचे माउंट तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

सूर घालणारं डिफ आपोआप शांत होईल या आशेवर चालवू नका. दाते चुकीच्या जागी झिजले की नंतर शिम बदलूनही सूर जात नाही. आणि घट्ट पॉलियुरेथेन माउंट त्याच दिवशी घातले असतील तर थोडा सूर त्यांचाही असू शकतो, फॅक्टरीतलं शांत डिफही त्यांच्यावर ऐकू येतं.

स्पीडोमीटर चुकेल का?

सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर हो. ४.१० झाल्यावर काटा दहा टक्के जास्त वेग दाखवेल आणि किलोमीटरही जास्त मोजले जातील. जुन्या गाड्यांत प्लास्टिकचा छोटा गिअर बदलतात, नव्यांत कॅलिब्रेटर लावतात. वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून घेतला जात असेल तर काटा बरोबरच राहतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा रेव्ह मॅचिंग (गिअर बदलताना आरपीएम आपोआप जुळवणं) असलेल्या गाडीत इंजिन आणि चाकांच्या फेऱ्यांचं गणित संगणकात भरलेलं असतं, ते बदलता येतं का याची खात्री काम सुरू करण्याआधी करा.

दुसरं काय तुटू शकतं?

हाफ शाफ्टवर टॉर्क वाढतो. प्रोपेलर शाफ्टवर वाढत नाही, पण त्याच वेगाला तो जास्त फिरतो. आधी हवेच्या विरोधामुळे वरच्या गिअरमध्ये रेव्ह लिमिट गाठताच येत नव्हती, आता गाठता आली तर ०.८० च्या गिअरमध्ये ७००० वर शाफ्ट ८७५० फेऱ्यांनी फिरतो. त्याचं बॅलन्सिंग तपासून घ्या. शिवाय कमी दात्यांची पिनियन अंगानेही लहान असते, त्यामुळे खूप टॉर्क असलेल्या इंजिनाला फार आखूड रेशो लावला तर पहिला बळी तिचाच जातो.

मायलेज किती पडेल?

हायवेवर थोडं, शहरात फारसं जाणवत नाही.

जुनी क्राउन-पिनियन टाकून देऊ का?

अजिबात नको. दोघी एकत्रच ठेवा, गिअर ऑइल चोपडून कागदात गुंडाळा आणि सोबत जुना पिनियन शिम, कॅरिअरच्या दोन्ही शिमची जाडी आणि सुरुवातीला काढलेले ठशाचे फोटो ठेवा. उद्या गाडी मूळ रेशोवर न्यावी लागली तर त्या चिठ्ठीवरून पहिल्या किंवा दुसऱ्या जुळणीतच ठसा जागेवर येतो.